बर्फाआधीची वेळ

माझ्या मेहुण्याला बर्फात ठेवायला मी सांगितलं. तांडेलाने नाही, खलाशांनी नाही, मी. हे आधीच लिहून टाकतो, कारण त्या दिवसाबद्दल बोलताना माझ्या तोंडून आपोआप 'आम्ही' असं यायला लागतं, आणि ते खरं नाही.

देवगड बंदरात आमची एक लाँच आहे. वडिलांनंतर ती माझ्याकडे आली. मी स्वतः समुद्रावर फारसा जात नाही. डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती, लिलाव हे किनाऱ्यावरचं काम माझं, आणि पाण्यावरचं सगळं तांडेलाचं. लाँच तोच चालवतो, खलाशी त्याचंच ऐकतात. आमचा तांडेल वडिलांच्या वेळेपासूनचा. मला त्याने चड्डी न घालता वाळूत लोळताना पाहिलेलं आहे, त्यामुळे मालक मी असलो तरी बोलणी मीच खातो. मी त्याला काका म्हणतो.

बायको माझी समुद्राकडची नाही. नांदगावच्या आतल्या अंगाला तिचं गाव. भात आणि काजू. कणकवलीला कॉलेजात आमची ओळख झाली आणि आम्ही लग्न केलं. तिच्या घरच्यांना मासळी फार आवडते, पण मासळी मारणाऱ्याच्या घरात मुलगी जावी हे आवडलं नाही. लग्नानंतर बरीच वर्षं तिच्या माहेराहून आमच्याकडे एकच माणूस यायचा, तिचा धाकटा भाऊ. लग्न न झालेला, आईजवळ राहणारा, चाळिशी नुकतीच ओलांडलेला. येताना तांदूळ घेऊन यायचा आणि जाताना सुके बांगडे पिशवीच्या तळाशी, वर पेरू ठेवून न्यायचा.

"आवशीक सांगू नको हां," असं बहिणीला बजावायचा.

"तिका कळाचा नाय?" ही विचारायची. "आख्खी एस.टी. घाणली आसतली."

"कळता गो. ती माका इचारणा नाय, मी तिका सांगणय नाय. बांगडे मात्र दोघां मिळान खातो."

असा माणूस. त्याला एकदा लाँचवर यायचं होतं. वर्षानुवर्षं म्हणायचा आणि मी टाळायचो. त्या वर्षी भातकापणी आटोपली होती, दिवाळी तोंडावर होती, आणि आमचा एक नेपाळी खलाशी गावी गेला होता. माणूस कमी होता. तो म्हणाला, "भावजी, माका न्हेवा. ओढूक हात तरी होतले." बायको आधी नको म्हणाली. भाऊ तळ्यात पायसुद्धा बुडवत नाही, समुद्रावर काय करणार, असं तिचं म्हणणं. मग त्याचा चेहरा बघून तीच विरघळली. मला म्हणाली, "न्हेतास तर न्हेवा, पण तुमीय जावा. नजर ठेवा तेच्यार."

म्हणून मी गेलो. नजर ठेवायला.

पहिला दिवस त्याचा ओकण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जरा बरं वाटत होतं. पहिलं जाळं वर घेताना तो जोराने ओढायला लागला, तर तांडेलाने त्याला बाजूला ढकललं, कारण जाळं विंचवर, म्हणजे यंत्राच्या रहाटावर येतं, माणसाने फक्त सांभाळून घ्यायचं असतं. दुसरं जाळं वर आलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मासळी फळ्यांवर ओतली आणि आम्ही सगळे निवडायला बसलो. तेव्हा तो उठला, थोडा बाजूला गेला आणि सुक्या जाळ्याच्या ढिगावर बसला.

तांडेल ओरडला, "काय रे शेतकऱ्या, झाली तुझी नांगरणी?"

"झाली. आता बैलाक वाईच सावलेत बसूक देवा."

"बैल खंयचो, पाडो तो!"

उरलेले दोन्ही नेपाळी खलाशी हसले. मीही हसलो. तो डाव्या कुशीवर आडवा झाला, आमच्याकडे पाठ करून. त्याला पुन्हा मळमळतंय असं आम्ही धरून चाललो. निवडता निवडता त्याच्यावरून पुष्कळ बोलणं झालं. तांडेल म्हणाला, याला परत नेल्यावर एस.टी.त बसवू नका, तिथेसुद्धा ओकेल. मी म्हणालो, त्याला सुके बांगडे लागतात, ओले झेपत नाहीत. त्याने उत्तर दिलं नाही तेव्हा आम्हाला वाटलं, रागावला.

मासळी निवडून झाली, खणात भरून झाली. फळीखाली बर्फासाठी जे कप्पे असतात त्यांना आम्ही खण म्हणतो. पेज वाढली. तांडेल त्याच्याजवळ जाऊन पायाने हळूच ढोसत म्हणाला, "उठ रे मेल्या, पेज गार जाता." मग तो खाली बसला. मग त्याने मला हाक मारली, आणि ती हाक वेगळी होती.

मेहुण्याला उताणा केला. तोंड उघडं होतं, डाव्या गालावर जाळ्याच्या गाठी उमटल्या होत्या. तांडेलाने तोंडात पाणी घातलं, ते बाजूने वाहून गेलं. खलाशांनी तळव्यांना खोबरेल चोळलं. मी छातीला कान लावला. धडधड ऐकू आली. क्षणभर माझा जीव भांड्यात पडला आणि मग कळलं की ते आमचं इंजिन आहे. फळीतून, त्याच्या पाठीतून, बरगड्यांतून ते माझ्या कानापर्यंत येत होतं.

इंजिन बंद करा, एवढं सांगायला हवं होतं. तीन शब्द. मला सुचले नाहीत.

मी काय केलं तर त्याची पापणी वर करून डोळा बघितला. आम्ही मासळी अशीच बघतो. डोळ्यात पाणी आहे की तो कोरडा, मळकट झालाय, यावर ताजी की शिळी ते ठरतं. आयुष्यभर ते बघत आलोय, त्यात मी चुकत नाही. त्याच्या डोळ्यावर पडदा आल्यासारखं दिसलं. मी म्हणालो, "तो गेलो."

आणि पुढच्याच श्वासात म्हणालो, "खण रिकामो करा."

आमच्या हाताला हीच सवय. जे किनाऱ्याला चांगलं पोचायला हवं ते उन्हात ठेवायचं नाही, विचार करत बसायचं नाही, बर्फात घालायचं. मी तर किनाऱ्यावर बसून दुसरं काहीच सांगत आलेलो नाही. तांडेलाने उशीर केला, मासळी मऊ पडली, की मी त्याला लिलावात चार लोकांसमोर बोललेलो आहे. पण त्या दिवशी घाई त्याला नव्हती.

"वाईच रव रे," तो म्हणाला. "आंग गरम आसा अजून."

"गरम आसतलाच. ऊन बघ केदा पडलाहा."

"काखेत हात घालून बघ."

मी घातला. काख गरम होती. तापलेल्या फळीसारखी नाही, माणसाच्या काखेसारखी. मी हात काढून घेतला.

"काका, बंदर गाठीसर सांज होतली. ह्या उन्हात तोपर्यंत काय रवतला? तिका तोंड दाखवूचा नाय?"

"निदान किनारो दिसासर तरी रव."

"नको."

तांडेल उठला. त्याने जाळ्याच्या दोरीने मेहुण्याचे हाताचे आणि पायाचे अंगठे एकमेकांना बांधले, घरी बांधतात तसे. चादरीत गुंडाळून आम्ही त्याला खणात उतरवलं. खाली बर्फ, बाजूने बर्फ, वर गळ्यापर्यंत बर्फ. फावडं माझ्या हातात होतं. तोंडावर मात्र मी बर्फ घातला नाही.

का नाही घातला, हे मला माहीत आहे. फावडं उचललं तेव्हा मनात आलं, गुदमरेल. मेलेल्या माणसाबद्दल असं कुणाच्या मनात येत नाही. ते आलं, आणि मी तिथे थांबलो नाही. फावडं बाजूला ठेवलं आणि खणाचं झाकण लावलं.

परतीच्या वाटेवर मी त्या झाकणाजवळ बसून होतो. इंजिन पूर्ण जोरात होतं. झाकणाखालून काही आवाज आला असता तरी कळला नसता. एकदा झाकण उघडून बघितलं. तो तसाच होता. पुन्हा उघडायची मला भीती वाटली. तो हललेला दिसेल अशी भीती, आणि हललेला नसेल तर आधी हलला होता का, अशी. तांडेल सुकाणूवरून माझ्याकडे बघत होता. शेजारच्या खणातली मासळी त्याने मला न विचारता समुद्रात ओतून टाकली.

किनारा दिसायला लागला तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. "काका, तेका दुपार कलल्यावर ठेवलो असा सांगूया."

"कित्याक?"

"घाई केली असा दिसता."

त्याने पाण्यात थुंकलं. "केलंसच ती. माका काय, तू सांगशीत ता सांगतंय."

बंदरावर बायको उभी होती. वायरलेसवरून दुसऱ्या लाँचला कळवलं होतं, त्यांनी घरी सांगितलं. तिने चादर बाजूला केली, त्याच्या गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतका तो थंड होता. मग परत लावला. ती मला एवढंच म्हणाली, "तुमी होतास मां तेच्यावांगडा?" मी म्हणालो, होतो, त्याच्यासोबतच.

सरकारी दवाखान्यात नेलं. असा मृत्यू झाला की पोलिसांत नोंद होते, शवविच्छेदन होतं, हे मला माहीत होतं. ते सकाळीच करतात, हेही माहीत होतं. पण त्या संध्याकाळी ड्यूटीवर असलेल्या डॉक्टर बाईंनी लगेच तपासायला घेतलं. सोबत हवालदार होते. बायको बाहेर व्हरांड्यात तांडेलाजवळ बसली होती, आणि मला दाराच्या आत बोलावलं होतं.

डॉक्टरांनी आधी तापाचा थर्मामीटर बाजूला ठेवला आणि कपाटातून काचेची एक लांब नळी काढून घेतली. हवालदारांनी का असं विचारलं. त्या म्हणाल्या, "ताप मोजायचा असतो तो इतका खाली उतरत नाही." शरीराच्या आतलं तापमान घेतात. मी तोंड फिरवून उभा राहिलो. मग त्यांनी आकडा सांगितला, हवालदारांनी लिहिला, आणि डॉक्टर माझ्याकडे वळल्या.

"बर्फात कधी ठेवलं म्हणालात?"

"दुपार कलल्यावर."

"आणि गेले कधी?"

"सकाळी. दुसरं जाळं वर आलं, त्यानंतर."

"मधला वेळ कुठे होते?"

"फळीवरच. सावलीत."

त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे, शाळेत समजावतात तसं त्यांनी समजावलं. जिवंत शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. मेल्यावर ते थांबतं आणि शरीर सावकाश भोवतालच्या हवेइतकं होत जातं. आपल्याकडची हवा गरम, त्यामुळे आणखी सावकाश. पहिला काही वेळ तर आत काही फरकच पडत नाही. त्यावरून मागे मोजत जाऊन मृत्यूची वेळ अंदाजाने काढतात. बर्फात शरीर झपाट्याने थंड होतं, पण माणसाच्या पोटापर्यंत थंडी पोचायला तरीही वेळ लागतो.

"तुम्ही सांगता तेवढ्या वेळात हे शरीर आतून एवढं थंड होत नाही," त्या म्हणाल्या. "एक तर हे बर्फात खूप आधीपासून आहेत, नाहीतर तुम्ही सांगता त्याच्या खूप आधी गेलेत."

"म्हणजे रात्री?" हवालदारांनी विचारलं.

"तसंही असू शकतं."

हवालदारांनी पेन खिशाला लावलं. "साहेब, रात्री गेले असतील तर दिवसभर तुम्ही समुद्रावर काय करत होतात, हे मला विचारावं लागणार. तांडेलाला वेगळं विचारतो. त्या दोघा खलाशांनाही वेगळं विचारतो. त्यापेक्षा तुम्हीच सांगा."

मी घाबरलो ते पोलिसांना नाही. खोटं बोललो होतो ते एवढ्यासाठीच, की मधे काही तास आहेत असं सगळ्यांना वाटावं. फळीवर पडलेला, हळूहळू गार होत गेलेला मेलेला माणूस, आणि मग बर्फ. ते तास मी बनवले होते, आणि ती काचेची नळी ते मान्य करत नव्हती. आता खरं सांगितलं तर मधे काहीच उरत नव्हतं. गरम काख आणि बर्फ.

मी सांगितलं. काखेचं, डोळ्याचं, इंजिनाचं. किती बर्फ, कुठून कुठपर्यंत, चादर सुती की जाड, तो उताणा होता की कुशीवर, खणात पाणी साचलं होतं का, डॉक्टर एकेक विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो.

"तोंड का उघडं ठेवलंत?"

"घरच्यांना दिसावं म्हणून," मी म्हणालो. तेवढं खोटं त्या दिवशीही शिल्लक राहिलं.

मग मीच विचारलं. "डॉक्टर, ठेवला तेव्हा तो गेलेला होता ना?"

त्यांनी हातमोजे काढले. "काख गरम होती याला तुम्ही धरून बसू नका. मेलेल्याचीही काख तितका वेळ गरमच असते. पण तुम्ही विचारताय त्याचं उत्तर तापमान देणार नाही. मी जो वेळ मोजतेय तो तुम्ही बर्फात घातल्यापासूनचा आहे. मृत्यूपासूनचा नाही. त्याच्या आधीचं सगळं बर्फाने पुसून टाकलंय."

"म्हणजे कळणारच नाही?"

"उद्या सकाळी बघू."

व्हरांड्यात बायकोने विचारलं, काय म्हणाल्या. मी म्हटलं, उद्या सकाळी सांगतील.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झाल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. हृदयाची नळी बंद झाली होती, मोठी. अशा झटक्यात माणूस बहुतेक जागच्या जागी जातो, त्या म्हणाल्या. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. रक्त फिरायचं थांबलं की ते शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं आणि तिथे जांभळट डाग पडतात. तुम्ही उताणं ठेवलंत, तर डाग फक्त पाठीवर हवेत. पण डाव्या गालावर, डाव्या खांद्यावर, कुशीवरही फिकट डाग आहेत, आणि जिथे जाळं टोचत होतं तिथे पांढरे ठसे राहिलेत. म्हणजे ते कुशीवर पडलेले असतानाच रक्त थांबलं आणि त्यानंतरही ते काही वेळ तसेच पडून होते. दोरी बांधलेल्या जागी धडपडीचा साधा ओरखडाही नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मला कळायला वेळ लागला. "म्हणजे आम्ही मासळी निवडत होतो तेव्हाच?"

"शक्यता तीच जास्त."

"नक्की?"

"नक्की असं मी लिहिणार नाही. थंडीत या खुणाही कधी कधी फसवतात. शक्यता म्हणून लिहिते."

ते वाक्य मी अजून उलटसुलट करून बघतो. माझ्या हातून तो बर्फात जिवंत गेला नाही, असं मानायचं असेल तर दुसरी गोष्ट मानावी लागते. आमच्यापासून चार हातांवर तो मरत होता, आणि आम्ही त्याच्या ओकण्यावर हसत होतो. बायकोने ज्याच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं त्याच्या पाठीकडे मी बघत होतो आणि ओल्या-सुक्या बांगड्यांचा विनोद करत होतो. मी हेच मागायला लागलो. देवाकडे हात जोडून मागितलं, की तो तेव्हाच गेलेला असू दे, हसत होतो तेव्हाच. काय मागतोय ते कळून मला स्वतःची भीती वाटली. आणि तरीही मागत राहिलो, कारण दुसरं त्याहून भयंकर होतं.

अग्नी त्याच्या गावी दिला. आईने चेहरा बघितला, गाल कुरवाळला. चेहरा चांगला होता, झोपल्यासारखा, त्यात बर्फाने आपलं काम केलं होतं. खळ्यात, घरापुढच्या अंगणात, माणसं बसली होती. बायकोचा एक चुलता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हावऱ्यासारखो बर्फात घालून हाडलो तेका."

मी खाली बघितलं. बायको पाण्याची कळशी घेऊन चालली होती, ती थांबली.

"बर्फात घालून हाडलो म्हणान तोंड तरी बघूक गावला तुमका."

तिने माझी बाजू घेतली, आणि ती बाजू घ्यायला तिला काय माहीत होतं? ती आत गेली तरी मी तसाच मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, मला चुलत्याचं लागलं.

दिवसकार्य झालं. आम्ही घरी परतलो. मी ठरवलं होतं, तिला सांगायचं नाही. डॉक्टरांनी शक्यता सांगितली आहे, तीच खरी मानायची, आणि उरलेलं माझ्यापाशी. पण घरात मी मोठ्याने बोलणं बंद केलं होतं, ते तिच्या लक्षात आलं असणार.

पुष्कळ दिवसांनी पहिल्यांदा मासळी आणली. दुपारच्या आधीची वेळ. मागच्या दारी ती बांगडे साफ करायला बसली होती. शेतकऱ्याची मुलगी, लग्न झालं तेव्हा बांगडा आणि तारली तिला वेगळी कळत नव्हती. एकेक उचलून ती बघत होती. अचानक थांबली आणि मान वर न करता म्हणाली,

"तो गेलो ता तुमका कसा कळला?"

मी तिच्यासमोर पायरीवर बसलो. आधी डॉक्टरांनी काय सांगितलं तेच सांगायला लागलो, हृदय, डाग, ठसे. ती म्हणाली, "ता डॉक्टरान सांगितला. तुमका कसा कळला?"

मग मी सांगितलं. डोळा बघितला ते, छातीत इंजिन ऐकलं ते. तांडेल थांब म्हणाला आणि मी थांबलो नाही ते. काख गरम होती ते. डॉक्टरांशी आधी खोटं बोललो ते, आणि ते कसं उघडं पडलं ते. तिने हातातला बांगडा परातीत ठेवला. सगळं सांगून झालं असं वाटलं तेव्हा ती म्हणाली,

"माका तेचा तोंड इतक्या सुका कसा मिळाला? बर्फ नाय लावलास तोंडाक?"

"नाय."

"कित्याक?"

घरच्यांना दिसावं म्हणून, हे वाक्य तोंडाशी तयार होतं. ते मी डॉक्टरांना दिलं होतं. तिला देता आलं नाही.

"तो गुदमरात, असा वाटला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, परात भिरकावेल, माहेरी निघून जाईल. कुठलंही चाललं असतं. तिने हात धुतले. नळ चालू ठेवून बराच वेळ धुतले. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "म्हणजे तुमका म्हायती नव्हता."

"नव्हता."

"आजूनय नाय."

"डॉक्टर म्हणाली, शक्यता..."

"ता माका कळला," ती म्हणाली. "आवशीक ह्या सांगू नकात. कधीच."

ते बांगडे तिने रांधले. आम्ही जेवलो. तिने मला त्यावरून पुन्हा कधी काही विचारलं नाही, टोमणा मारला नाही, आणि आईकडे गेलो की चुलत्यासमोर आजही माझीच बाजू घेते. इतरांना वाटेल, माणूस सांगून मोकळा झाला. मला मोकळं वाटलेलं नाही. सांगितलं म्हणजे भीती अर्धी होईल असं मी समजत होतो. ती अर्धी झाली नाही, माझी माझ्याकडे पूर्ण राहिली आणि तेवढीच तिच्याकडे गेली. आधी मी एकटा घाबरलेला होतो. आता घरात दोन माणसं घाबरलेली आहेत, आणि एकमेकांना ते कळू नये म्हणून दोघंही नीट वागतात.

लाँच मी विकलेली नाही. तांडेल तोच आहे. आता तो मला समुद्रावर चल म्हणत नाही, आणि मासळी मऊ आली तरी मी त्याला बोलत नाही.

दुपारी जेवण झालं की मी पडवीत थोडा आडवा होतो. लिलावासाठी पहाटे उठावं लागतं, त्यामुळे तेवढी सवय आहे. हल्ली डोळा लागता लागता मला तिची पावलं कळतात. ती येते, जवळ उकिडवी बसते. बांगड्या वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने धरून ठेवते. मग तिच्या बोटांची मागची बाजू माझ्या नाकाशी येते, टेकत नाही, थोडी लांब राहते. किती वेळ, सांगता येणार नाही. मी जागा आहे हे मी तिला कळू देत नाही. डोळे मिटून पडून राहतो आणि मुद्दाम जरा मोठ्याने श्वास सोडतो.